पाच बहिणींऐवजी पाच मित्र

रात्री 'फायर आयलंड' हा सिनेमा पाहिला. 2022 चा, अँड्र्यू आनचा. त्याच्या मुळाशी जेन ऑस्टिनची 'प्राइड अँड प्रेज्युडिस', 1813 सालची कादंबरी. तिच्यातल्या पाच बहिणी इथे न्यूयॉर्कजवळच्या बेटावर सुट्टीला आलेले समलिंगी मित्र झाल्यात. कादंबरीची नायिका लिझी म्हणजे इथे नोआ. ही भूमिका करणाऱ्या जोएल किम बूस्टरनेच पटकथा लिहिलीये. नायक डार्सी झालाय विल नावाचा घुम्या वकील.

मला मात्र घर आठवत राहिलं. कादंबरीत मुलगा नाही म्हणून घर दूरच्या नातेवाइकाकडे जाणार असतं. इथे मित्र जिच्या घरी उतरतात त्या एरिनचे पैसे संपलेत, घर विकायचंय, म्हणजे मित्रांचा हा शेवटचा उन्हाळा. एरिन झालेली मार्गारेट चो बहिणींच्या आईची, मिसेस बेनेटची जागा घेते, पण वैतागवाणी न होता. (हे ऑस्टिनलाही जमलं नव्हतं, असं हळूच म्हणते.)

आणि नाचाच्या कार्यक्रमात डार्सीने केलेली लिझीची ती उपेक्षा! तिथे प्रश्न रूपाचा होता. इथे पिळदार शरीर, पैसा आणि गोरी कातडी. बोवेन यांगने साकारलेला नोआचा मित्र हावी कोपऱ्यात अवघडून उभा राहतो, तेव्हा हसता हसता थांबले.

शेवट ठाऊक होता. तरी दीड वाजेपर्यंत जागीच.