एक जूनची माणसं

एक जूनच्या सुमारास महाराष्ट्रातल्या कोणत्याही सरकारी कचेरीत डोकवा, तिथे कुणाचा ना कुणाचा वाढदिवस असतोच. सातारा जिल्ह्यातल्या आमच्या कचेरीत तर त्या दिवशीच्या केकवर नावं घालत नाहीत, जागाच पुरत नाही. शेजारी कंदी पेढ्यांचा पुडा सुटतो, कोपऱ्यात चहाचा थर्मास येतो आणि एकाच तारखेची चार-पाच माणसं एकाच सुरीला हात लावून उभी राहतात.

ही तारीख त्यांना गुरुजींनी दिलेली असते. त्या पिढीच्या जन्माची नोंद बहुतेक घरांत कागदावर नसे, आईच्या आठवणीत असे. पोराला पहिलीत घालायचं तर शाळा उघडताना वय भरलेलं हवं. मग गुरुजी पोराकडे एकवार बघत, मनाशी हिशेब करत आणि दाखलखारीज रजिस्टरात एक जून लिहून टाकत. त्या एका ओळीनं किती पोरांसाठी शाळेचं दार उघडलं! या तारखेला कुणी खोटी म्हटलं की मला राग येतो. तिच्यात एका मास्तरची माया आहे.

आमच्या कचेरीतल्या आण्णांची तारीख १ जून १९६७. त्यांची आई मात्र सांगायची, "नवरात्रात झालास. भूकंपाच्या पहाटे दोन महिन्यांचा होतास. गोधडीत गुंडाळून अंगणात आणला तुला." भूकंप म्हणजे कोयनेचा, ११ डिसेंबर १९६७ चा. पाटण खोऱ्यातल्या कितीतरी घरांत वयं त्या पहाटेच्या अलीकडची की पलीकडची, अशीच मोजली गेली. पण सेवापुस्तकाच्या पहिल्या पानावर एकदा तारीख चढली की चढली. बदलायची तर नोकरीच्या पहिल्या पाच वर्षांत, कागदोपत्री पुरावा देऊन. आण्णांनी ती कधी बदलून घेतली नाही. "गुरुजींच्या हातची आहे, राहू दे," म्हणायचे.

राज्य शासनात अठ्ठावन्न वर्षं पुरी होतात त्या महिन्याच्या अखेरीस निवृत्ती. पण महिन्याच्या एक तारखेला जन्मलेला माणूस आदल्या महिन्याच्या अखेरीलाच मोकळा होतो. म्हणून एक जूनवाल्यांचा अठ्ठावन्नावा वाढदिवस कचेरीत होतच नाही. ३१ मेला शाल-नारळ, आणि दुसऱ्या दिवशीचा वाढदिवस घरी. सत्तावन्नावा हाच शेवटचा. आण्णांचा तो वाढदिवस आम्ही कसर न ठेवता केला.

सुरुवात आस्थापनेच्या आक्कांनी केली. "आण्णा, चिरंजीव सात. आठवा मार्कंडेय. नववे तुम्हीच व्हायचे, पण मध्ये ३१ मे आडवा आला." मग अभिलेख कक्षातल्या पोरानं तोंड उघडलं. आमच्याकडे कागदांचे वर्ग असतात: 'अ' कायम जपायचा, 'ड' वर्षभरानं नष्ट करायचा. तो म्हणाला, "आण्णा, डोक्यावरचे केस 'ड' वर्गात कधी गेले? मंजुरी कुणाची घेतली?" आण्णांनी मिशीवरून हात फिरवला. "मिशी 'अ' वर्गात आहे. हात लावायचा नाही." गट ड च्या कर्मचाऱ्यांना साठीपर्यंत नोकरीची मुभा, त्यामुळे शिपाईमामांनाही चेव आला. "साहेब, तुम्ही म्हातारे होऊन चालला, मी अजून ड्युटीवर हाय." आण्णा डोळ्यांत पाणी येईस्तोवर हसले.

ही थट्टा मला आशीर्वादाइतकीच मोलाची वाटते. घरच्यांना आपलं वय दिसतं, पण ते मायेपोटी दिसल्याचं दाखवत नाहीत. सोबत काम करणारी माणसं मात्र ते रोज, दिवसाउजेडी बघत असतात. फाइल डोळ्यांपासून लांब धरायला कधी सुरुवात झाली, जिना चढताना मधल्या वळणावर कधी थांबावं लागलं, चहातली साखर कोणत्या वर्षी सुटली, मस्टरवरची सही कधी थरथरली, याची सगळी नोंद त्यांच्यापाशी असते. ती जेव्हा "म्हातारे झालात" म्हणतात, तेव्हा खरं सांगत असतात, "आम्ही बघितलंय. आम्ही होतो. आमचंही तेच चाललंय." वय एकट्यानं मोजलं की भीती वाटते. चारचौघांत हसत मोजलं की ते सगळ्यांचं होतं, आणि पेलतं.

या थट्टेला मर्यादाही असते, आणि ती कुणी शिकवावी लागत नाही. ज्या साली आण्णांच्या हृदयाची शस्त्रक्रिया झाली, त्या एक जूनला कुणी वयाचा विषय काढला नाही. फक्त त्यांचं टेबल वरच्या मजल्यावरून तळमजल्यावर आलेलं होतं. कुणी हलवलं हे कुणी विचारलं नाही आणि कुणी सांगितलं नाही. पुढच्या वर्षी आक्कांनी पहिली थट्टा केली, तेव्हा आण्णा खुर्चीत ताठ बसले. आपण खरंच बरे झालो, हे त्यांना तेव्हा पटलं असणार. दुखण्यातून उठलेल्या माणसाची पुन्हा थट्टा करणं म्हणजे त्याला आपल्यात परत घेणं.

३१ मेच्या निरोपाच्या भाषणांत आण्णांच्या कर्तव्यदक्षतेविषयी सगळे चांगलं बोलले. ते सगळं खरं होतं. पण निवृत्तीनंतर माणसाला आदर भरपूर मिळतो. गावात नमस्कार होतो, लग्नात पुढची खुर्ची मिळते, नातवंडं पाया पडतात. कमी होत जातात ती खांद्यावर हात टाकून "काय म्हातारबा?" विचारणारी माणसं. असं विचारण्याचा हक्क वर्षानुवर्षं एकत्र खपून मिळवावा लागतो, तो कुणाला नव्यानं देता येत नाही.

तेव्हा तुमच्याही कचेरीतून यंदा कुणी एक जूनचा माणूस घरी गेला असेल, तर त्याच्या आईनं सांगितलेला खरा दिवस विचारून ठेवा. आम्ही आण्णांचा ठेवला आहे. घट बसले की आक्का फोन लावणार आहेत, आणि शुभेच्छांच्या आधी त्या विचारणार आहेत, "काय आण्णा, मिशी अजून 'अ' वर्गातच ना?"