म्हार्दोळची घंटा

आमच्या धंद्यात प्रतिज्ञापत्राला मोठा मान आहे. सुलतान बाजारातील आमच्या कचेरीत गेली वीसएक वर्षे आम्ही लोकांची प्रतिज्ञापत्रे लिहून देत आलो आहोत, आणि सही करण्यापूर्वी प्रत्येक पक्षकाराला एकच वाक्य ऐकवीत आलो आहोत : 'खरे असेल तेवढ्यावरच सही करा, बाकीचे आमच्यावर सोपवा.' हे वाक्य मूळचे आमच्या वडिलांचे. वडिलार्जित वस्तूंपैकी एवढी एकच आम्ही रोज वापरतो, आणि म्हणूनच पुढील हकीकत सांगताना मनाला थोडा संकोच होतो.

सुलतान बाजार म्हणजे पूर्वीचा रेसिडेन्सी बाजार. १९३३ साली तो निजाम सरकारकडे परत आला, तेव्हा त्याला हे नाव मिळाले. कापडापासून कुंकवापर्यंत येथे सर्व काही मिळते, मिळत नाही ती फक्त शांतता. परंतु २०२० सालच्या मार्च महिन्यात तीही मिळाली. आदल्याच महिन्यात, ७ फेब्रुवारीला, बाजाराच्या डोक्यावरून मेट्रो धावू लागली होती. तिच्या घरघरीची सवय होते न होते तोच ती थांबली, आणि आम्हांला आमच्या गच्चीवरून कबुतरांच्या पंखांचा आवाज ऐकू येऊ लागला. प्रारंभी मौज वाटली. पुढे त्या शांततेचे भय वाटू लागले.

त्या वेळी आमची कन्या पुण्यास वसतिगृहात होती. सर्व मुली घरोघर निघून गेल्या, आणि हिच्यासारख्या सातआठजणी अडकून पडल्या. चाळीसपंचेचाळीस दिवस आई देवघरासमोर बसून होती. मे महिन्यात परवाना मिळाला, मोटार गेली, पोर घरी आली. आली त्या रात्री आईने सांगितले, 'म्हालशेला बोलले आहे. पोरीला तिच्या पायांवर घालून आणायची.' आमच्या घरात आईने बोललेला नवस हा न्यायालयाच्या हुकूमनाम्यासारखा आहे. त्याची अंमलबजावणी लांबवता येते, टाळता येत नाही.

गोव्याने २ जुलै २०२० पासून प्रवाशांना दार किलकिले केले होते. प्रथम सुमारे अडीचशे हॉटेलांना परवानगी आणि येणाऱ्याला तपासणीची अट. १ सप्टेंबरपासून ती अटही गेली. त्या वर्षी आश्विन अधिक आला होता, आणि अधिक मासातील देवदर्शनाचे पुण्य आईला तोंडपाठ. तेव्हा ऑक्टोबरच्या पहिल्या आठवड्यात जायचे ठरले. देवस्थानच्या अग्रशाळेत उतरण्याची सोय त्या दिवसांत होण्यासारखी नव्हती, म्हणून सासष्टीच्या किनाऱ्यावरील एका बड्या हॉटेलात खोल्या घेतल्या, असे आम्ही सर्वांना सांगितले. खरे सांगायचे तर अग्रशाळा मोकळी असती तरीही आम्ही हॉटेलातच उतरलो असतो. सात महिने चार भिंतींत काढले होते, न्यायालय संगणकाच्या पडद्यावर आले होते आणि त्या हॉटेलाचा दर एरवीच्या निम्म्यावर उतरला होता. मात्र त्या सवलतीला एक अट होती : बेत रद्द केल्यास पैसे परत नाहीत.

निघण्याच्या तीन दिवस आधी आमचे कारकून तापाने अंथरुणास खिळले आणि दुसऱ्या दिवशी त्यांचा अहवाल बाधित असा आला. त्याआधी दोनच दिवस आम्ही दोघे कचेरीत समोरासमोर बसून, मुखपट्ट्या हनुवटीखाली ओढून, इराणी चहा घेत एक जुने वाटणीपत्र वाचीत होतो. आम्हांला स्वतःला काही होत नव्हते. घरातही सर्व ठणठणीत होते. ही गोष्ट आम्ही घरी सांगितली नाही.

विमानाची जागा नोंदवताना विचारले होते, 'गेल्या चौदा दिवसांत आपण बाधित व्यक्तीच्या निकट संपर्कात आला होता काय?' आम्ही 'नाही' या चौकोनावर बोटाने टिचकी मारली. टिचकीने बोललेले खोटे फार हलके असते, ते बोलल्यासारखे वाटतच नाही. विमानात आईच्या वाट्याला मधली जागा आली होती. त्या काळी मधल्या जागेवरील प्रवाशाला अंगभर झगा घालावयास देत. तो पांढरा झगा, तोंडावर पट्टी, तिच्यावर पारदर्शक पडदा, अशा थाटात आई बसली आणि म्हणाली, 'हे तर सोवळेच रे!' सगळ्यांना हसू आले, आम्हीही हसलो.

हॉटेलात मात्र छापील कागद पुढे आला. तोच प्रश्न, खाली सहीची जागा. लेखणी उघडून आम्ही क्षणभर थांबलो, आणि त्या क्षणात आमच्या वकिली बुद्धीने आमच्याच बाजूने संपूर्ण युक्तिवाद केला. 'निकट संपर्क' याची व्याख्या काय? एक मीटरच्या आत, पंधरा मिनिटांहून अधिक काळ. मेज किती रुंद होते? मोजले कोणी? चहा किती मिनिटांत संपला? संशयाचा फायदा आरोपीला. साथीचा रोग निष्काळजीपणे पसरविण्याबद्दल भारतीय दंड संहितेचे कलम २६९ तेव्हा अमलात होते (१ जुलै २०२४ पासून त्या संहितेची जागा भारतीय न्याय संहितेने घेतली आहे), ते आम्हांला पाठ होते. आणि त्यातून सुटण्याच्या वाटाही पाठ होत्या. आम्ही 'नाही' लिहिले आणि सही केली. अक्षर नेहमीसारखे आले.

त्या हॉटेलातील सुखाविषयी कृतघ्न होऊ नये. खोलीच्या दारावर निर्जंतुकीकरणाची मोहोर असे. आपणच ती फोडून आत जायचे. सामानावर फवारा, दारात हात धुणे, पंगतीसारख्या मांडलेल्या जेवणाऐवजी झाकलेली ताटे आणि मेजामेजांत दोन दोन हात अंतर. आईने दुसऱ्या दिवशी निकाल दिला की एवढे शिवताशिवत सांभाळणारे घर तिने सासरीही पाहिले नव्हते. हंगामाच्या तोंडावर येणारी रशियाची खास विमाने त्या वर्षी आली नव्हती. तीनशे माणसांच्या जागेत आम्ही जेमतेम चाळीस. रात्री समुद्रावर कोणी नसे. भरतीच्या वेळी पाण्याची पांढरी कड अंधारात दूरवर धावत जाई आणि आमची कन्या तिच्याबरोबर धावे. सात महिन्यांत ती धावताना आम्ही पाहिली नव्हती. सौभाग्यवती वाळूत बसून होत्या. त्या दोन रात्री त्या मनसोक्त हसल्या. सुख खरे होते, आणि ते आम्ही ज्या कागदावर मिळवले होते तो खोटा होता. पण त्याने सुखाची चव बिघडली, असेही म्हणता येत नाही.

आमच्या मेजाला एक काणकोणचा मुलगा वाढीत असे, वय बावीसतेवीस. पहिल्याच सकाळी त्याने आईला विचारले, 'आज्ये, च्या हाडूं?' आणि आई विरघळली. हैदराबादेत तिच्याशी कोंकणीत बोलणारे आता घराबाहेर फार थोडे उरले आहेत. मार्चपासून ऑगस्टपर्यंत तो गावी बसून होता. पंधरा दिवसांपूर्वी त्याला पुन्हा बोलावले होते, पगार निम्मा. घरात वडील, आजी, दोन बहिणी. हे सर्व आईने अर्ध्या तासात काढून घेतले. आमच्या उलटतपासणीला दोन तारखा लागल्या असत्या. त्याची मुखपट्टी वाफेने ओली होई आणि आईला नीट ऐकू यावे म्हणून तो वाकून बोले. आम्ही शेजारीच असू.

तिसऱ्या दिवशी म्हार्दोळास निघालो. मडगाव, बोरीचा पूल, फोंडे. पुलावर आईने नातीला सांगितले की म्हालसा मूळची वेर्ण्याची, आपण उतरलो त्याच सासष्टीतील. सोळाव्या शतकात फिरंग्यांनी देवळे पाडली, तेव्हा भक्तांनी तिला जुवारीपलीकडे अंत्रुजात आणले. 'म्हणजे देवीलाही घर सोडून निघावे लागले?' पोरीने विचारले. 'तर काय,' आई म्हणाली, 'आणि तिला मोटारीचा परवाना नव्हता.'

देवळापुढे कासवाच्या पाठीवर उभी असलेली ती उंच पितळी समई पाहिली की आमचे पाय नेहमी थबकतात. त्या दिवशी ते घंटेपाशी थबकले. म्हार्दोळच्या घंटेची गोष्ट आपल्या वाचकांस ठाऊक आहेच. तिला एरवी लोळी नसते. कोणी देवीसमोर साक्ष द्यावयास उभा राहिला तरच ती बांधीत, आणि खोटी साक्ष देऊन घंटा वाजवणारा जगत नाही, अशी श्रद्धा. पोर्तुगीज अमदानीत येथे दिलेली साक्ष न्यायालयेही मानीत, असे सांगतात. आम्ही ही गोष्ट वकीलमंडळींच्या बैठकीत अनेकदा रंगवून सांगितली आहे. त्या दिवशी ती आई सांगत होती, आणि शेवटी नातीला म्हणाली, 'ही घांट फट सोंसना, बाये.'

त्या सरकारी नियमांच्या दिवसांत तीर्थ नव्हते, प्रसाद नव्हता. दुरून हात जोडून निघायचे. सर्वजणी पुढे झाल्या. आईने वळून विचारले, 'पुता, तूं भितर येना?' आम्ही म्हणालो, 'चपलांपाशी थांबतो.' अंगणात चार माणसे नव्हती. चपलांना कसले भय? आई क्षणभर पाहत राहिली आणि आत गेली. पोरीला तिने पायांवर घातले ते उंबऱ्याबाहेरूनच. नवस फिटला, असे तीच म्हणाली.

आमच्या थांबण्यात अर्थ नव्हता, हे आम्हांला तेव्हाही कळत होते. संसर्गाचे भय म्हणावे, तर ज्यांच्याबरोबर एका मोटारीत आलो त्या आत गेल्याच होत्या. ते भय नव्हतेच.

चौथ्या दिवशी तो मुलगा मेजावर आला नाही. दुसऱ्याने चहा आणला. विचारले तर 'सुट्टीवर आहे' एवढेच. आईने अधिक मासाचे दान म्हणून तीनशे तीस रुपये एका पाकिटात घालून ठेवले होते, तेहतिसाच्या हिशेबाने. ते त्याच्याच हातात द्यायचे असा तिचा हट्ट, म्हणून पाकीट परत आमच्या खिशात आले. आम्ही ११ तारखेला घरी आलो. १३च्या रात्री हैदराबादेत आभाळ फाटले, वस्त्या पाण्याखाली गेल्या, आणि त्या गोंधळात दोन दिवसांनी आम्ही नाकात काडी घालून घेतली. अहवाल निर्दोष आला. इतक्या उशिरा आलेल्या अशा अहवालाने काय सिद्ध होते, हे न्यायालयात आम्ही कुणालाही दहा मिनिटांत पटवून देऊ शकलो असतो : काहीही नाही.

मग हॉटेलास फोन केला आणि कागदावरची गोष्ट खरी नव्हती, असे सांगितले. पलीकडचा आवाज सौजन्याचा होता. त्याने आभार मानले, नोंद घेतो म्हणाला. त्या मुलाविषयी विचारले, तेव्हा 'सध्या कामावर नाही' याहून अधिक त्याला सांगता येईना. आजारी आहे, की कामावरून कमी केला, की गावी गेला? बोलते कसे करावे हे आम्हांला येते. त्यावरच आमचे पोट आहे. आम्ही फोन ठेवला.

कारकून बरे होऊन कामावर आले. २०२३ साली अधिक श्रावण आला, तेव्हा आम्ही पुन्हा म्हार्दोळास गेलो. या वेळी अग्रशाळेत उतरलो, आतही गेलो. परतताना आईने विचारले, 'त्या काणकोणच्या पोराचे पाकीट दिलेस का रे?' आम्ही म्हणालो, 'गावाचे नाव विचारायचे राहिले होते.' हे खरे होते. पाकीट कचेरीत मेजाच्या वरच्या खणात आहे, प्रतिज्ञापत्रांच्या कोऱ्या कागदांखाली.

बाकीचे आईला अजून सांगितलेले नाही. तिची दृष्टी अधू झाली आहे, पण हे मासिक आले की ती नातीकडून पहिल्या पानापासून शेवटच्या पानापर्यंत वाचून घेते.