समुद्रात जाण्यालायक

प्रोजेक्ट मॅनेजमेंटच्या कुठल्याही ट्रेनिंगला जा, जेवणानंतर पेंग यायला लागली की हमखास 'वासा' येतं. स्वीडनच्या राजाचं हे लढाऊ जहाज १० ऑगस्ट १६२८ ला स्टॉकहोमहून निघालं आणि जेमतेम तेराशे मीटर जाऊन, गाव किनाऱ्यावर बघत उभं असताना, बुडालं. मग ट्रेनर पुढची स्लाइड लावतो: 'रिक्वायरमेंट्स मध्येच बदलू नका.' राजाने अर्ध्यात जहाज लांब करायला लावलं, वगैरे. (या लांब करण्याला पुरावा सापडत नाही, असं आता अभ्यासक म्हणतात. पण स्लाइड कोण बदलणार!)

मला त्या गोष्टीतला वेगळाच भाग छळतो. निघण्याआधी धक्क्यावर जहाजाची चाचणी झाली होती. तीस माणसांना डेकवर या कडेपासून त्या कडेपर्यंत पळायला लावलं. तीन फेऱ्यांतच जहाज इतकं डुलायला लागलं की हजर असलेल्या अ‍ॅडमिरलने चाचणी थांबवली. चाचणी थांबवली हं, जहाज नाही! म्हणजे टेस्टिंग झालं, बग सापडला, आणि तरी रिलीज झालंच. राजा तिकडे युद्धावर होता आणि त्याला जहाजाची घाई होती. नंतर चौकशी झाली. शिक्षा कुणालाच झाली नाही.

हे वाचायचं खूळ डोक्यात शिरलं ते मावसभावामुळे. तो जहाजावर इंजिनियर आहे. दर वेळी निघाला की मावशी विचारते, "बोट चांगली आहे ना रे?" आणि तो म्हणतो, "एकदम नवीन आहे गं." एकदा मी त्याला विचारलं की बोट चांगली आहे हे खरंच कसं ठरवतात? तर म्हणाला, "जायचंय कुठे ते आधी सांग."

मला वाटलं टोलवतोय. पण हे उत्तर जहाजाच्या अंगावरच रंगवलेलं असतं. मालवाहू जहाजाच्या कुशीवर, लांबीच्या मध्यावर, एक वर्तुळ आणि त्यातून गेलेली आडवी रेघ असते. शेजारी शिडीसारखं चिन्ह, पायरीपायरीवर अक्षरं. सगळ्यात वर टीएफ, म्हणजे उष्ण कटिबंधातलं गोडं पाणी. मग एफ, टी, एस, डब्ल्यू, आणि लहान जहाजांना अगदी खाली डब्ल्यूएनए, म्हणजे हिवाळ्यातला उत्तर अटलांटिक. त्या जागी, त्या ऋतूत, पाणी त्या रेघेच्या वर आलेलं चालत नाही. थोडक्यात, तेच जहाज तेवढाच माल घेऊन विषुववृत्तापाशी लायक, आणि जानेवारीत आइसलंडकडे नालायक.

ही रेघ सॅम्युअल प्लिमसॉल या ब्रिटिश खासदाराच्या नावाने ओळखली जाते. त्या काळी जुनाट बोट वाट्टेल तेवढी भरायची, वर भरपूर विमा उतरवायचा आणि पाठवून द्यायची, असे मालक होते. बुडाली तर माणसं जात, मालकाचं काही जात नसे. बरं, करारावर सही केल्यावर खलाशाने अशा बोटीवर जायला नकार दिला तर त्यालाच तुरुंग! १८७६ साली कायद्याने रेघ सक्तीची झाली. फक्त ती कुठे काढायची हे मालकाने ठरवायचं. हा विनोद १८९० पर्यंत चालला. (आपल्याकडे एस्टिमेट देणारा आणि अप्रूव्ह करणारा एकच असतो, तसलं काहीतरी.)

कोर्टांनी तर ही 'लायकी' हळूहळू लोखंडाच्या पार बाहेर नेली. १९५७ मध्ये 'हाँगकाँग फर' नावाचं जहाज भाड्याने दिलं गेलं. इंजिनं जुनी, पण नीट सांभाळली तर चालणारी. मात्र इंजिनरूममधली माणसं अपुरी आणि अकुशल, आणि चीफ इंजिनियर दारूच्या आहारी गेलेला. कोर्ट म्हणालं, जहाज समुद्रात जाण्यालायक नव्हतं. २०११ मध्ये 'सीएमए सीजीएम लिब्रा' हे कंटेनर जहाज चीनमधल्या शियामेन बंदरातून निघताना वाळूत रुतलं. नेमलेल्या मार्गाबाहेर पाणी नकाशात दाखवलंय त्याहून उथळ असू शकतं, अशी सूचना आधीच निघालेली होती. ती ना जहाजावरच्या नकाशावर नोंदवली, ना प्रवासाच्या आराखड्यात. २०२१ मध्ये ब्रिटनच्या सुप्रीम कोर्टाने सांगितलं की ही त्रुटी असलेलं जहाज निघतानाच लायक नव्हतं. कागदावर एक नोंद नाही, म्हणून अख्खं जहाज नालायक! डॉक्युमेंटेशनला नाकं मुरडणाऱ्या माझ्या तमाम मित्रांना हा निकाल सप्रेम भेट.

आता भावाची गोष्ट. तो ज्युनियर असतानाची. जहाजावर आग लागली आणि इंजिनरूमच हातची गेली, तर पाण्यासाठी एक वेगळा आपत्कालीन पंप असतो. त्याची नियमित चाचणी घेऊन रजिस्टरमध्ये लिहायचं. आधीच्या माणसाने प्रत्येक वेळी लिहिलं होतं, 'चालू केला, ठीक.' खोटंही नव्हतं, पंप चालू होत होता. पाणी तेवढं येत नव्हतं. याने लिहिलं, 'सुरू होतो, पाणी येत नाही.' जहाज दुसऱ्या दिवशी निघायचं होतं. कंपनीच्या ऑफिसातून फोन आला. पंप कसा आहे हे कुणी विचारलंच नाही. 'निघायच्या तोंडावर कशाला लिहिलंस?' एवढंच विचारलं. कॅप्टन फारसा न बोलणारा माणूस. त्याने रजिस्टर वाचलं, खाली जाऊन पंप स्वतः चालवून बघितला आणि जहाज नांगरावरच ठेवलं. स्पेअर यायला दीड दिवस लागला.

त्या कंपनीने भावाला पुढचं कॉन्ट्रॅक्ट दिलं नाही. आठ महिने घरी होता, फ्लॅटचे हप्ते चालू. मावशीला सांगितलं होतं, 'नवी बोट यायचीय, तिच्यासाठी थांबलोय.' तिला अजून माहीत नाही. ती हे वाचत नाही, म्हणून इथे लिहितोय.

सुरक्षिततेच्या बाबतीत शेवटचा शब्द कॅप्टनचा, हे आज आयएसएम कोडमध्ये स्पष्ट लिहिलेलं आहे. तो १९९८ पासून टप्प्याटप्प्याने सक्तीचा झाला, आणि तो येण्यामागे 'हेरल्ड ऑफ फ्री एंटरप्राइज'चा मोठा वाटा होता. ६ मार्च १९८७ च्या संध्याकाळी ही गाड्या वाहणारी फेरीबोट बेल्जियमच्या झेब्रुगहून डोव्हरला निघाली, ती पुढचे दरवाजे उघडे ठेवूनच. दरवाजे लावणारा माणूस केबिनमध्ये झोपला होता. कॅप्टनला ब्रिजवरून ते दिसतच नसत. पद्धत अशी की कुणी काही कळवलं नाही, म्हणजे सगळं ठीक. (अलर्ट आला नाही म्हणजे सर्व्हर मस्त चाललाय, ही आपली समजूत वेगळी काय आहे?) गाड्यांच्या डेकवर पाणी शिरलं आणि काही क्षणांत बोट आडवी झाली. १९३ माणसं गेली.

चौकशीत निघालं की त्या कंपनीच्या कॅप्टन लोकांनी आधीच लेखी मागणी केली होती: दरवाजे उघडे की बंद हे दाखवणारा एक दिवा ब्रिजवर बसवा. ऑफिसमध्ये त्या मागणीची चेष्टा झाली होती. अपघातानंतर कंपनीच्या बाकीच्या बोटींवर ते दिवे बसले, अवघ्या काही दिवसांत.