बूच

गेल्या रविवारी मी नदीकाठी फेरफटका मारून परत येईपर्यंत घरच्या मंडळींनी पोटमाळा रिकामा केला होता, आणि भंगारवाल्याने काय काय नेले याची यादी सूनबाई उत्साहाने सांगत असता तिच्यात बिघडलेला स्टोव्ह, गंजलेली शेगडी यांच्या पाठोपाठ "आणि ती मिलिटरीची पाण्याची बाटली" हे शब्द आले, तेव्हा चपला काढायचे विसरून मी दारातच उभा राहिलो. बाटली निळ्या इनॅमलची होती. वर खाकी बनातीचे आवरण. ते भिजवले की पाणी गार राही आणि पावसात सापडलेल्या घोंगडीसारखा एक वास येई. तो वास आता आमच्या सातव्या मजल्यावर पुन्हा येण्याचा संभव उरला नाही.

ही बाटली आण्णांनी, म्हणजे माझ्या वडिलांनी, जुन्या बाजारातून पावणेदोन रुपयांना आणली, ती १९७२ च्या मार्गशीर्षात. दुष्काळाचे साल होते. आण्णा हवेली तहसील कचेरीत अव्वल कारकून. दिवसभर दुष्काळी कामांचे हजेरीपट आणि रात्री घरी आणलेले दप्तर, यांत त्यांची मान वर होत नसे. अशा माणसाने एका रविवारी मला पहाटे उठवून, "कात्रजपासून सिंहगडापर्यंत डोंगराच्या धारेने चालत जाऊ, गडावर तुला देवटाक्याचे पाणी पाजतो," असे म्हणावे, याचे नवल मला त्या चौदा वर्षांच्या वयातही वाटले होते. स्वारगेटहून पीएमटीची पहिली बस, कात्रजच्या जुन्या बोगद्यापर्यंत पायपीट, वाघजाईला नमस्कार, आणि मग टेकड्या.

या वाटेवर तेरा टेकड्या आहेत असे सर्वजण सांगतात. कोणी सोळाही मोजतात. आण्णांचे मत असे की, दोन माथ्यांमध्ये धड खिंड असेल तरच टेकडीला स्वतंत्र नंबर द्यावा, एरवी ती पोटहिस्सा समजावी. अंतर सोळा किलोमीटरच्या आसपास, म्हणजे सपाटीवर काहीच नाही. परंतु ज्या माथ्यावर पोहोचण्यासाठी छातीचा भाता होईपर्यंत चढावे, तो माथा हाती येताच पलीकडची खोल खिंड दिसावी, मिळवलेली सारी उंची घसाऱ्यावरून बूड टेकत गमवावी आणि पुन्हा पहिल्यापासून चढू लागावे, हा व्यवहार तेरा वेळा करताना माणसाचा जो निकाल लागतो तो किलोमीटरांत सांगता येत नाही. समोर सिंहगड सबंध वेळ दिसत असतो आणि जवळ म्हणून येत नाही. आणि प्रत्येक चढाच्या पायथ्याशी आण्णा म्हणत, "चल, हीच शेवटची." दुसऱ्या टेकडीला म्हणाले, पाचवीला म्हणाले, सातवीलाही म्हणाले. ज्या गृहस्थाने सरकारी कागदावर कधी एका पैची खोट येऊ दिली नाही, त्याने पोटच्या पोराशी दिवसभर धडधडीत खोटे बोलावे, याचा राग मी पुढे कित्येक वर्षे जपून ठेवला.

इथे मध्येच शाहिस्तेखान येतो, त्याला माझा इलाज नाही. कारण सहाव्या टेकडीवर मी रुसून बसलो असता आण्णांनी तो आणला. ५ एप्रिल १६६३ च्या रात्री लाल महालात खानाची बोटे तुटली, आणि मागावर निघालेल्या फौजेला चकवण्यासाठी कात्रजच्या घाटात बैलांच्या शिंगांना पलिते बांधून ते भलतीकडे हाकलले, महाराज मात्र सिंहगडी सुखरूप पोहोचले, अशी आख्यायिका. 'कात्रजचा घाट दाखवणे' हा वाक्प्रचार तिच्यातूनच आला म्हणतात. "बैलांना मात्र कागदाचा आधार नाही," आण्णांनी कारकुनी इमानाने पुस्ती जोडली आणि उठता उठता म्हणाले, "चल, हीच शेवटची."

नवव्या टेकडीचा उतार मला अजून पावलापावलाने आठवतो. बाटली माझ्याकडे होती, उजव्या कुशीला. माथ्यावर दोन घोट घेऊन मी बूच नुसते वर टेकवले, दाबले नाही. उतरताना अर्ध्या चड्डीच्या उजव्या बाजूला काहीतरी गार लागले, ते मांडीवरून गुडघ्याकडे ओघळले, आणि ते काय आहे हे पुरते उमगल्यावरही मी पाचसहा पावले थांबलो नाही, कारण त्या उन्हात तो गारवा फार सुखाचा होता. खिंडीत पोहोचून आण्णांनी हात पुढे केला. बाटली हलवून पाहिली. मी म्हणालो, "बूच खराब आहे." त्यांनी बूच काढले, उन्हाकडे धरून फिरवले, पुन्हा बसवले आणि एवढेच म्हणाले, "असेल."

गड राहिला. आणखी दोन टेकड्या कशाबशा ओलांडून आम्ही उजव्या अंगाने डोणज्यात उतरलो. तिथे एका घरी तांब्याभर पाणी आणि गुळाचा खडा मिळाला. तो तांब्या आण्णांनी प्रथम माझ्यापुढे केला. पुढच्या रविवारी ते पुन्हा जुन्या बाजारात गेले, विकणाऱ्याशी बुचावरून भांडले (आमचे आण्णा, जे भाजीवाल्याशीही घासाघीस करीत नसत!), आणि अखेर एका कातारीकडून शिसवी लाकडाचे नवे बूच करवून घेतले. ते इतके घट्ट बसे की काढताना 'टप्' असा आवाज होई. पुढे बाटली माझ्याबरोबर नोकरीच्या गावोगावी फिरली. मुलीने मात्र शाळेच्या सहलीला ती न्यायचे नाकारून प्लास्टिकची नेली, तेव्हा मला वाईट वाटायला हवे होते, सुटल्यासारखे वाटले. आण्णा गेले १९९१ साली. खरे काय ते सांगायला मला एकोणीस वर्षे मिळाली होती.

जावयाच्या कचेरीतील तरुण मंडळी हल्ली पौर्णिमेच्या रात्री याच धारेवरून जातात. वाटेला 'के-टू-एस' म्हणतात, जणू गुदामातल्या खोक्याचा नंबर. त्यांच्या कपाळावरच्या दिव्यांची रांग धारेवरून सरकताना त्याने मला मोबाइलवर दाखवली, आणि कागदाचा आधार नसलेले ते बैल आठवून मला हसू आले.

ती धार म्हणजे पाण्याची हद्द आहे, हेही आण्णांनीच सांगितले होते. दक्षिणेला पडलेला थेंब शिवगंगेतून नीरेला जातो, उत्तरेचा मुठेला. पश्चिमेकडे चालणाऱ्याच्या उजव्या कुशीला उत्तर असते. तेव्हा मी सांडलेले पाणी मुठेच्या वाट्याचे, आणि मुठा संगमावर मुळेला मिळून पुढे येते ती खराडीला. मौजे खराडी, तालुका हवेली: हे नाव मी लहानपणी आण्णांच्या दप्तरावर वाचले होते. १९९७ साली गाव महापालिकेत आले, ज्वारीच्या शिवारात काचेच्या इमारती उठल्या, आणि निवृत्तीनंतर मी इथे राहायला आलो. रोज सकाळी जलपर्णीने झाकलेल्या त्या नदीकडे पाहताना मनात हा हिशेब चालतो. अर्थात हिशेब फोल आहे. बाटलीभर पाणी त्या तहानलेल्या मुरुमाने चार बोटांपलीकडे जाऊ दिले नसणार. तसे तर दोन्ही बाजूंचे पाणी शेवटी भीमेलाच मिळते: आमची मुळा-मुठा रांजणगाव सांडसपाशी, नीरा खाली नरसिंहपुरापाशी.

भंगारवाल्याचा माग काढला. माल त्याच दिवशी पुढे गेला म्हणाला. तेव्हा बुधवारी किंवा रविवारी जुन्या बाजारात कोणास निळ्या इनॅमलची, विटक्या बनातीची, शिसवी बुचाची बाटली आढळली तर ती निःशंक घ्यावी. बूच घट्ट बसते. मूळचेही बसत होते.