सगळ्यांना चालेल असं हॉटेल

सत्तरच्या दशकात जन्मलेल्या आम्हा चुलत-आत्तेभावंडांच्या लहानपणी हॉटेल म्हणजे पुरुषांनी चहा प्यायची जागा. अण्णा नांदेडच्या वजिराबादेत मित्रांबरोबर तासतास बसायचे. घरातल्या बायकांना मात्र त्या हॉटेलाचा फक्त दर्शनी भाग माहीत, तोही रिक्षातून जाताना दिसला तेवढाच. लातूरची आत्या लेकरंबाळं घेऊन आली की तीस-पस्तीस पानं घरातच उठायची. आधी लेकरं, मग पुरुष, शेवटी बायका. बायकांच्या पंगतीपर्यंत आमटी पातळ झालेली असायची, याची तक्रार कुणी केल्याचं आठवत नाही. करायला हवी होती.

मग फॅमिली रूम आली. लाकडी फळ्यांचे कप्पे, मळकट पडदा आणि पडद्याबाहेरून 'और क्या लाऊँ?' विचारणारा पोऱ्या. एका कप्प्यात फार तर सहा माणसं मावायची आणि आम्ही तीस. त्यामुळं कुटुंब पाच कप्प्यांत वाटलं जायचं आणि गप्पा फळ्यांवरून चालायच्या. "आमची शेवभाजी तुमच्याकडं आली का गं?" असं काकू ओरडायची. पलीकडून आत्या शांतपणे, "आली होती," म्हणायची.

पण तिथवर पोचण्याआधी घरात आठवडाभर खल चालायचा. बाहेरच्यांना वाटेल, चवीवरून. चवीचा विषय कधी निघालाच नाही. आजीला जिना नको. नाना माळकरी, त्यांना जिथं अंडंसुद्धा शिजत नाही असंच ठिकाण हवं. काकूची संकष्टी असेल तर चंद्रोदयाच्या आत ताट नको आणि लेकरांना तर सातलाच भूक लागलेली. मोठ्या दादाला हैदराबादी वळणाची बिर्याणी हवी असायची, ती देगलूर नाक्याकडं जाऊन तो गुपचूप खाऊन यायचा आणि इकडं येऊन दोन घास वरणभात चिवडत बसायचा. सगळ्यात मोठा अडथळा परमिट रूमचा.

"पाटीवर फॅमिली लिहिलंय की ठळक," धाकटा काका म्हणायचा.

"त्याच्या बाजूला काय लिहिलंय तेबी वाच," अण्णा म्हणायचे. ते हॉटेल तिथंच बाद.

नांदेडला या वादांतून सुटायची एकच जागा होती, सचखंड गुरुद्वाऱ्याचा लंगर. डोक्याला रुमाल बांधायचा, पंगतीत खाली बसायचं, दोन्ही हात पुढं करून रोटी घ्यायची. शीख मंडळी तिला परशादा म्हणतात. माणसं पाच असोत की पन्नास, वाढणाऱ्याला काही फरक पडत नाही आणि शेवटच्या माणसाच्या ताटात पहिल्याइतकीच गरम डाळ पडते. घरातली बायकांची पंगत इथं कुठं मागं राहायची नाही. बाहेरच्या अन्नाला नाक मुरडणारी आजी इथं मात्र मांडी घालून बसायची, तेव्हा तिला गुडघेही आठवायचे नाहीत. लेकरं तेवढी कुरकुरायची, लंगरानंतर आईस्क्रीम मिळत नाही म्हणून.

ग्रंथसाहिबाला गुरुगादी दिल्याला 2008 मध्ये तीनशे वर्षं झाली. गुरू गोविंदसिंगांनी 1708 मध्ये ती इथं नांदेडलाच दिली होती. त्या सोहळ्याच्या निमित्तानं गावातले रस्ते रुंद झाले. आमच्या हिशेबात मात्र त्या वर्षानंतरची मोठी गोष्ट म्हणजे टेबलं जोडून देणारी हॉटेलं. पडदे गेले. आजोबांपासून नातवापर्यंत सगळे एका रांगेत दिसायला लागले आणि मग कोण कुणाच्या शेजारी बसणार, यावर नवे रुसवे सुरू झाले.

लातूरची कथा वेगळी. गंजगोलाईतून सोळा रस्ते फुटतात, पण त्यातल्या एकाही रस्त्यावर आम्हाला त्या काळी तीस माणसांचं हॉटेल सापडलं नाही. लातूर 1982 मध्ये जिल्हा झाला, मग शिकवण्यांचं गाव झालं, पोरं चहूकडून यायला लागली आणि गल्लोगल्ली मेस निघाल्या. आत्यानं एकदा पाहुण्यांसाठी शेजारच्या मेसवाल्या मावशींनाच ताटं सांगितली. ज्वारीच्या गरम भाकरी, शेंगदाण्याची चटणी, भज्याची आमटी. पनीर नाही, मसाला पापड नाही. आमच्या पिढीत अजून त्या जेवणाचं नाव निघतं. एरवी लातूरकर आम्हाला गाड्यावरचा निलंगा राईस उभ्यानंच खायला घालायचे. 2016 च्या उन्हाळ्यात मिरजेहून रेल्वेनं लातूरला पाणी आलं, त्या वर्षी आत्यानं कुणालाच बोलावलं नाही. आम्हीही विचारलं नाही.

मधे काही वर्षं 'मधेच भेटू' असा तोडगा निघाला. नांदेडकर लोह्यावरून, लातूरकर चाकुरावरून आणि भेट अहमदपूरच्या आसपास एखाद्या ढाब्यावर. बाजा होत्या, लेकरांना पळायला जागा होती, गाड्या लावायला मैदान होतं. अडचण एकच, भट्टी एक आणि खाणारी तोंडं तीस. पहिल्याची रोटी खाऊन व्हायची तेव्हा शेवटचा अजून कांदा-लिंबूच चघळत असायचा. त्यातून मी एक कसोटी काढली आणि ती आजवर सोडली नाही. मोठ्या गोतावळ्यासाठी हॉटेल बघायला गेलात तर मेन्यूकार्ड मागू नका, भट्ट्या किती आहेत ते विचारा.

आता हॉटेल व्हॉट्सअपवर ठरतं. पुण्याचे भाचे फोटो टाकतात, कुणी तारे मोजतं, कुणाला ग्लुटेन चालत नाही. ज्वारीच्या भाकरीत ते मुळात नसतंच, हे मी त्यांना सांगितलं. बिलाची मारामारी तेवढी जुनीच आहे. हात धुवायच्या निमित्तानं उठून गल्ला गाठायची अण्णांची युक्ती आता माझा चुलतभाऊ करतो. सगळ्यांना ती माहीत असते, तरी कुणी आधी उठत नाही.

येत्या दिवाळीत पाळी लातूरकरांची. औसा रोडला एक ठिकाण बघून ठेवलंय. तळमजला, भट्ट्या दोन, बार नाही. बासुंदी मात्र उजनीहून आपली आपण आणायची ठरली आहे, हॉटेलवाल्यानं हरकत घेतलेली नाही.