सुकणारें तोरण

आमच्या घराचें दार बुटकें आहे; उंच माणसास वांकूनच आंत यावें लागतें. त्याच्या चौकटीच्या दोन्ही टोकांस दोन गंजलेले खिळे आहेत. ते कोणीं ठोकले हें आतां कोणासच ठाऊक नाहीं. एका सणाचें तोरण पुढच्या सणापर्यंत वाळून त्यांवर तसेंच राही. तें मधेंच उतरलें, तर त्या घरीं कोणी गेलें असें गांवानें समजावें.

अंबड तालुक्यांतील आमच्या गांवीं तोरण विकत आणण्याची चाल नव्हती. पोळ्यास बैल वेशीवरच्या तोरणाखालून निघत, त्याच दिवशीं घरोघरीं आंब्याचे डहाळे चढत. दसऱ्यास झेंडू व त्यांत खोंवलेलीं बाजरीचीं कणसें, पाडव्यास कडुनिंबाचा कोंवळा पाला. कृति म्हणावी तर अगदींच साधी. चौकटीच्या मापाहून हातभर अधिक सुतळी घ्यावयाची, पानें ओल्या फडक्यानें पुसावयाचीं, पानाचा देठाकडील भाग सुतळीवरून मुडपून त्यांत खराट्याची काडी टोंचावयाची. झेंडूस दाभण लागे; तो देठाजवळच्या जाडसर भागांतून ओंवावा, पाकळ्यांतून ओंवल्यास दुसऱ्याच दिवशीं गळतो, असा आईचा कटाक्ष असे. खर्च काय तो सुतळीचा, आणि तीहि बहुधा बाजाराच्या पुड्यांची जपून ठेविलेली. (हा झेंडू मूळचा मेक्सिकोकडील, युरोपीय दर्यावर्द्यांबरोबर इकडे आलेला, व तिकडे मृतांच्या स्मरणाच्या सणांत घरोघर मांडला जाणारा, हें सांगितलें तर आमच्या गांवांत कोणीहि हंसेल.)

२०१२ सालीं पावसानें आमच्या जिल्ह्याकडे पाठ फिरविली. विहिरी आटल्या, मोसंबीच्या बागा उभ्या वाळल्या. आमचीहि बाग गेली. तिचें सरपण झालें. बांधावरचा आंबा कसाबसा जगला, पण पानें करपलीं. ११ एप्रिल २०१३ रोजीं पाडवा होता. यंदा तोरण कशाला, असें वडील म्हणाले. आईनें उत्तर दिलें नाहीं. चैत्रांत कडुनिंब पावसाची वाट पाहत नाहीं; त्याला तांबूस पालवी फुटलीच होती. तिनें जुन्या लुगड्याचा कांठ फाडला आणि तो पाला त्यांत गुंफिला. एक दमडी लागली नाहीं. संध्याकाळीं वडील दारांत बराच वेळ उभे होते.

पुढें आईचे हात थरथरूं लागले. तिचे श्रम वांचावेत म्हणून एका दसऱ्यास आम्ही जालन्याच्या बाजारांतून प्लॅस्टिकचें तोरण आणिलें. पानें हिरवींगार, झेंडू खऱ्याहून पिवळा. किंमत थोडी, आणि वर्षानुवर्षें टिकणार या हिशेबानें तर फुकटच. नक्कल हा कांहीं गुन्हा नव्हे. दोन हजार वर्षांपूर्वींचीं सांचीचीं दगडी तोरणेंहि लांकडी घडणीवरच बेतलेलीं आहेत, असा युक्तिवाद आम्ही मनाशीं केला. आईनें तें खालून वर निरखून पाहिलें व म्हणाली, "चांगलंय की. पण हे काढायचं कवा?" आम्ही हंसलों.

त्यानंतरच्या मार्गशीर्षांत ती गेली. आमच्याकडे अशा घरीं वर्षभर सण नसतो. गुढी नाहीं, गोडधोड नाहीं. पाडवा उजाडला तेव्हां आम्ही गुढी उभारली नाहीं, पुरणास हात लाविला नाहीं. मात्र दारावर तें तोरण होतेंच. वाळकें असतें तर डोळ्यांत खुपलें असतें; तें जसेंच्या तसें हिरवें होतें, म्हणून चार महिने त्याखालून येजा करूनहि आम्हांस दिसलें नाहीं. दुपारीं शेजारच्या आजी वाटींत भाजी घेऊन आल्या. उंबऱ्याशीं थबकल्या, वर पाहिलें, वाटी खालीं ठेविली आणि टाचा उंचावून एका खिळ्यावरचा दोरा त्यांनीं सोडविला. "बाळा, हे राहिलंच की रे," एवढेंच बोलल्या. दुसरा दोरा आम्ही सोडविला.

वर्षश्राद्ध झालें. पुढच्या पाडव्याच्या आदल्या संध्याकाळीं आम्ही आंब्याचीं पानें व कडुनिंबाचे डहाळे घेऊन ओसरीवर बसलों. काड्या टोंचतांना निम्मीं पानें फाटलीं. सुतळी मापास कमी पडली (हातभर अधिक घ्यावयाची हें विसरलोंच होतों), म्हणून शेवटच्या वीतभर अंतरास लुगड्याचा एक कांठ जोडावा लागला. तोरण एका अंगास कललेलें दिसत होतें. पांचव्या दिवशीं पानांच्या कडा वळूं लागल्या. रामनवमीच्या सकाळीं उंबऱ्यावर कडुनिंबाचा पहिला चुरा पडला; तो आम्हीच झाडून काढला.