दमानें

आपल्या भाषेंत धांवण्याचे जेवढे म्हणून शब्द आहेत, ते बहुतेक सारे त्रासाचे किंवा संकटाचे आहेत. लग्नघरीं धांवपळ असते, दुखणाइताच्या घरीं धांवाधांव असते, आणि सर्व उपाय हरले म्हणजे मनुष्य देवाचा धांवा करितो. निव्वळ धांवण्यासाठीं धांवणें ही कल्पनाच आपल्या घरांतून परकी. मग तें एखाद्या सुनेनें करावें ही तर त्याहून परकी. म्हणून वयाच्या बेचाळिसाव्या वर्षीं, २००९ सालीं, मी पहांटे पुण्याच्या वेताळ टेकडीवर धांवावयास जाऊं लागलें, तेव्हां घरांत थोडें हंसें झालें यांत नवल नाहीं. “वहिनी, कोणती गाडी गांठावयाची आहे?” असें भावजी रोज विचारीत.

बायकांच्या धांवण्याला हंसणारें आमचें घर कांहीं एकटें नव्हतें. १९२८ सालीं ॲम्स्टरडॅम येथील ऑलिंपिक सामन्यांत स्त्रियांची ८०० मीटरची शर्यत प्रथम ठेवण्यांत आली. पण धांवून आलेल्या स्त्रिया थकल्या, या गोष्टीचा एवढा बोभाटा झाला कीं, ती शर्यत १९६० पर्यंत पुन्हां झाली नाहीं. पुरुषांची मॅरेथॉन १८९६ पासून चालू होती. स्त्रियांच्या मॅरेथॉनला ऑलिंपिकमध्यें जागा मिळाली ती १९८४ सालीं. काळ पालटतो हें मात्र खरें. सातारा जिल्ह्यांतील मोही गांवच्या ललिता बाबर २०१६ सालीं रिओ येथें तीन हजार मीटर अडथळ्यांच्या शर्यतीच्या अंतिम फेरींत धांवल्या आणि दहाव्या आल्या, त्या सायंकाळीं आमच्या घरांतील थोर-लहान सारीं माणसें दूरदर्शन संचापुढें बसलीं होतीं, आणि सर्वांत मोठ्यानें ओरडत होते ते भावजीच!

वेताळ टेकडी ही पुणें शहरांतील सर्वांत उंच जागा. समुद्रसपाटीपासून सुमारें ८०० मीटर. तिनें मला दोन गोष्टी शिकविल्या. चढ दिसतांच जोरानें सुटणारे तरुण अर्ध्या वाटेवर कमरेवर हात ठेवून उभे राहतात, आणि सत्तरी उलटलेले एखादे गृहस्थ संथपणें त्यांच्याजवळून वर निघून जातात. धांवतांना शेजारच्या माणसाशीं सरळ एक वाक्य बोलतां येईल, इतकाच वेग ठेवावा, असा धांवणारांचा नियम आहे. त्याला शरीरशास्त्राचा आधार आहे. स्नायूंत व यकृतांत साखरेचा जो सांठा असतो, तो मर्यादित असतो. वेग वाढला कीं तो भरभर सरतो. संथ चालीनें धांवणाराचें शरीर चरबीहि जाळतें आणि हा सांठा पुरवून वापरतें. मॅरेथॉनमध्यें तीस-बत्तीस किलोमीटरच्या सुमारास अनेकांचे पाय एकाएकीं शिसाचे होतात, तें हा सांठा संपल्यामुळें. आपल्या भाषेनें हें सारें शास्त्र एका शब्दांत सांगून ठेविलें आहे: ‘दमानें’. दम म्हणजे श्वास, आणि दमानें म्हणजे सावकाश.

दुसरी गोष्ट उताराची. चढ दमवितो, पण अंग दुखवितो तो उतार. उतरतांना मांडीचे स्नायू लांबत असतांनाच त्यांना शरीराचा भार धरून ठेवावा लागतो. त्याचा ठणका तत्काळ कळत नाहीं, दुसऱ्या दिवशीं जिना उतरतांना कळतो.

या दोन्ही गोष्टींची परीक्षा घरांत व्हावयाची होती. २०११ च्या जूनमध्यें सासूबाईंना अर्धांगवायूचा झटका आला. उजवें अंग गेलें, वाचा निम्मी राहिली. पहिले पंधरा दिवस सारें घर रात्रंदिवस त्यांच्या उशाशीं होतें. तिसऱ्या आठवड्यांत घरांतील आणखी तिघांनीं अंथरूण धरलें. तेव्हां सर्वजण एकत्र बसून आम्हीं पाळ्या ठरविल्या. रात्र ह्यांनीं आणि भावजींनीं वांटून घेतली, दुपार माझी, पहांट थोरल्या जाऊबाईंची, आणि संध्याकाळीं पुतण्यानें आजीला वर्तमानपत्र वाचून दाखवावयाचें. पहांटेचा तो तास मला मोकळा राहिला, आणि मी टेकडीवर जातच राहिलें.

“घरांत एवढें दुखणें, आणि सून टेकडीवर धांवते!” असें समाचाराला आलेल्या एका बाई सासूबाईंच्या देखत म्हणाल्या. सासूबाईंनीं डावा हात हलविला आणि मोठ्या कष्टानें एकेक शब्द जुळवून म्हटलें, “जाऊं दे. ती येते, तेव्हां मला बाहेरचें कळतें.” खरेंच, मी परत आलें कीं त्यांचे प्रश्न तयार असत. मोर ओरडला का? गवत केवढें झालें? गिरिपुष्पाला बहर आला का? चार वर्षें ज्या बाईनें उंबरा ओलांडला नाहीं, तिला चारहि वर्षांचे ऋतु ठाऊक होते.

२०१५ सालीं त्या गेल्या. दिवस झाले, पाहुणे परतले, औषधांच्या बाटल्या उचलल्या गेल्या. आणि मग आमचें खरें दुखणें सुरू झालें. चार वर्षांत जाऊबाईंच्या डोळ्यांतून टिपूस आलें नव्हतें. आतां त्या संवयीनें पहांटे पांचला उठत आणि रिकाम्या खाटेजवळ बसून राहत. भार उतरला असें लोक म्हणत होते; मला मात्र टेकडीचा उतार आठवत होता. एके दिवशीं मीं त्यांच्या पुढें पायांतले बूट ठेविले आणि म्हटलें, “जाऊबाई, चला.” पहिल्या चढावर त्या चार वेळां थांबल्या, आणि वरच्या पठारावर बसून पोटभर रडल्या. त्यानंतर त्या रोज येऊं लागल्या.

‘धांवून येणें’ हाहि धांवण्याचाच एक शब्द आहे, आणि सर्वांत मला तोच अधिक आवडतो. परंतु जो दुसऱ्यासाठीं धांवून येणार, त्यानें आपला दम राखला पाहिजे. वाचकहो, आपल्या घरीं दीर्घ दुखणें असेल, तर औषधाच्या वेळा ज्या वहींत टिपतां, त्याच वहींत सेवा करणाऱ्या प्रत्येकाचा मोकळ्या हवेंतला एक तासहि लिहून ठेवा. तो तास सेवेंतून वजा होत नाहीं. सेवेच्याच खातीं जमा होतो.